घडीच्या आत

पहाटे साडेपाचला वॉर्डाला एक वेगळाच वास असतो. रात्रभर बंद राहिलेल्या खिडक्या, स्पिरिट, कुणाच्या तरी डब्यातली शिळी भाजी. खाटांच्या मधे नातेवाईक चादरी अंथरून झोपलेले असतात (सोलापुरात त्या कुठल्या, हे सांगायला नको) आणि सिस्टर त्यांचे पाय चुकवत सहाच्या इंजेक्शनांची तयारी करत असते. त्या महिन्यात मला नाईट सुपरव्हिजन होती. मी राउंड संपवून रजिस्टर लिहीत बसले होते, तेवढ्यात ट्रीटमेंट रूमच्या दारातून हाक आली, "सिस्टर, जरा येता का?"

मंगळवेढ्याकडची मुलगी. नोकरीला लागून चार महिने झालेले. खरं नाव नको, सुवर्णा म्हणू. उजव्या हातात भरलेली सिरिंज, डाव्या तळव्यावर प्लास्टिकची रिकामी अँप्युल. तळवा तिने माझ्यापुढे असा धरला होता, जसा लहानपणी आपण मेलेलं फुलपाखरू धरतो.

"पाणी समजून घेतलं मी," ती म्हणाली. "बोळा उचलताना ही घरंगळली आणि नाव वर आलं."

नाव होतं पोटॅशियम क्लोराईड.

माझ्या तोंडून त्यावर पहिलं वाक्य काय निघालं, ते इथे लिहायचं म्हणून हा सगळा खटाटोप. "दिलं नाहीस ना?" हे मी विचारलं, पण दुसऱ्यांदा. आधी विचारलं, "कुणी पाहिलं का?"

सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या बाईच्या जिभेवर हे वाक्य तयार होतं. शोधावं लागलं नाही.

नर्सिंगमधलं नसणाऱ्यांसाठी थोडं सांगते. अँटिबायोटिकची पावडर काचेच्या बाटलीत येते, ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून शिरेतून द्यायची असते. ते पाणी १० मिलीच्या पारदर्शक प्लास्टिक अँप्युलमध्ये येतं, मान पिरगळली की उघडते. आणि केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, तेही १० मिलीच्या पारदर्शक प्लास्टिक अँप्युलमध्ये येतं. तीही मान पिरगळली की उघडते. दोन्हींतलं द्रव बिनरंगी. फरक काय तो छापलेल्या अक्षरांत, आणि पारदर्शक प्लास्टिकवरची बारीक अक्षरं पहाटे साडेपाचला ट्यूबलाइटखाली किती दिसतात, हे ज्याने पाहिलंय त्यालाच ठाऊक.

केसीएल वाईट औषध नाही. जुलाबांनी गळून गेलेल्या, पोटॅशियम उतरलेल्या माणसाला तेच उभं करतं. पण सलाईनच्या बाटलीत मिसळून, थेंब थेंब, साध्या वॉर्डात तासाला साधारण १० मिलिइक्विव्हॅलंटच्या (पोटॅशियम मोजायचं माप) आत. एका अँप्युलमध्ये २० असतात. तेवढं सिरिंजने सरळ शिरेत सोडलं तर हृदय थांबू शकतं. ठोके वाकडे पडायला लागल्यावर कुणाला बोलवावं एवढाही वेळ मिळेल याची खात्री नसते.

सुवर्णाच्या सिरिंजमध्ये ते होतं. खाट क्रमांक १९, न्यूमोनियाचे आजोबा, शिरेत इंट्राकॅथची नळी चालू. मधे अंतर होतं ते पंधरा पावलांचं आणि कापसाच्या एका बोळ्याचं.

पण दिलेलं नव्हतं. कुणाला काही झालेलं नव्हतं. तिने ती अँप्युल आणि सिरिंज लाल पिशवीत टाकली असती, दुसरी बाटली फोडली असती, तर गोष्ट तिथेच संपली असती. मला कधी कळलं नसतं. आणि पाण्याच्या खोक्यात केसीएलच्या आणखी किती अँप्युल मिसळल्या आहेत, तेही कळलं नसतं. नंतर मोजल्या तेव्हा तीन निघाल्या.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात मागावर होते. यंत्रमाग, टॉवेल आणि चादरी. आमच्या घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू, शाळेत मराठी, आणि वॉर्डात गरजेपुरतं कानडी, असं माझं आयुष्य. ताणा तुटला आणि माणसाच्या लक्षात यायला उशीर झाला की कापडात खोट राहते, बोटभर लांबीची बारीक रेघ. कारखानदाराच्या माणसाने ती पाहिली की आठवड्याच्या पगारातून फाइन कापायचे. म्हणून वडील काय करायचे, तर खोट असलेल्या टॉवेलची घडी अशी घालायचे की ती रेघ आत जाईल. मग तो टॉवेल गठ्ठ्याच्या मधोमध. वरून खालून चांगला माल. मी डबा घेऊन जायचे तेव्हा पाहिलंय. त्यांच्या हाताला ती घडी इतकी सवयीची झाली होती की बोलता बोलता पडायची.

त्यांना मी दोष देत नाही. चार पोरं होती. फाइन कापणाऱ्याने ताणा का तुटतो, सूत कच्चं आहे का, माग जुना झालाय का, हे कधी विचारल्याचं मला आठवत नाही. खोट कुणाच्या मागावरची, एवढंच त्याला हवं असायचं.

ती घडी मलाही येते. आता माझं सांगते.

२००० नंतरची दोन-तीन वर्षं. हे नव्हे, दुसरं हॉस्पिटल. जानेवारी, गड्ड्याचे दिवस. सिद्धेश्वरांच्या यात्रेत आधी तैलाभिषेक, मग अक्षता, मग होमप्रदीपन, आणि त्यानंतर होम मैदानावर शोभेचं दारूकाम. सोलापूरकराला ते चुकवणं जिवावर येतं. माझी इव्हिनिंग ड्यूटी होती. तिघींच्या जागी दोघी, त्यातली एक नवी. वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर, आणि सात नंबरच्या खाटेशेजारच्या खिडकीतून आकाशाचा बरा तुकडा दिसायचा.

वॉर्डात त्या दिवशी दोन सिद्राम होते. सोलापुरात ही काही नवलाची गोष्ट नाही. सिद्राम, सिद्धाराम, सिद्धेश्वर, मल्लिनाथ, नागनाथ, कुठल्याही वॉर्डात हाक मारा, दोघे तरी वळतील. सात नंबरचा सिद्राम डायबेटिक, पायाच्या जखमेसाठी आलेला, रात्रीच्या जेवणाआधी १६ युनिट साधं इन्सुलिन. बारा नंबरचा सिद्राम अक्कलकोट तालुक्यातला शेतकरी, तापाचा पेशंट. त्याला डायबेटिस नव्हता.

आठच्या सुमारास दारूकाम सुरू झालं. ज्याला उठता येत होतं तो प्रत्येक पेशंट खिडकीकडे. मी ट्रे घेऊन आले तेव्हा सात नंबरच्या खाटेवर एक माणूस बसला होता, पाठमोरा, डोक्याला टॉवेल. मी म्हटलं, "सिद्रामअण्णा ना?" तो म्हणाला, "हूं." नजर आकाशात. मी म्हटलं, "सुई आहे," आणि दंडावर दिली. वळून त्याने पाहिलंसुद्धा नाही. बाहेर लाल-हिरवं काहीतरी फुटलं आणि सगळा वॉर्ड "ओहोहो" म्हणाला, मीही म्हणाले.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. हे पाच 'योग्य' आम्हाला पहिल्या वर्षी पाढ्यांसारखे पाठ करून घेतात. मी पाचही केले होते, असं मला वाटत होतं. खाट बरोबर, नाव बरोबर, माणूस 'हूं' म्हणाला. आज मी नव्या मुलींना सांगते की तुम्ही अमुक ना, असं कधी विचारू नका. दुखणाऱ्या, घाबरलेल्या, आपली भाषा नीट न कळणाऱ्या माणसाला कुठल्याही प्रश्नाला हो म्हणायची सवय असते. तुमचं पूर्ण नाव सांगा म्हणायचं आणि गप्प राहायचं. मग हाताचा पट्टा, त्यावरचा नोंदणी क्रमांक. त्या काळी आमच्याकडे पट्टे नव्हते. माझं कानडीही "ऊटा आयता?", म्हणजे जेवण झालं का, याच्या पुढे जात नव्हतं.

साडेनऊला मावशीने हाक मारली. बारा नंबरचे अण्णा घामाने भिजलेले, हात थरथरतायत, बोलणं बोबडं. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो डोक्याचा टॉवेल आला आणि लख्ख कळलं. ग्लुकोमीटर लावला, शुगर ४८, फारच खाली. आरएमओना, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, बोलावलं. ते आले, २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, गेलं, दहा मिनिटांत अण्णा डोळे उघडून इकडेतिकडे बघायला लागले. आरएमओ तरुण होते, भले होते. त्यांनी केसपेपर चाळला. "डायबेटिक नाही?" "नाही, सर." "जेवला नसेल धड," ते स्वतःच म्हणाले.

मी काहीच बोलले नाही. म्हणजे खोटंही बोलले नाही. त्यांचं वाक्य तसंच हवेत राहू दिलं. नर्सेस नोटमध्ये लिहिलं: रुग्णाला घाम, कंप, शुगर ४८, डॉक्टरांना कळवले, आदेशानुसार डेक्स्ट्रोज दिले. शब्द न् शब्द खरा. रेघ घडीच्या आत.

हे इथे मिटलं असतं तर मी कदाचित विसरलेही असते. पण डायबेटिस नसलेल्या माणसाची शुगर ४८ वर येते, याला डॉक्टरच्या डोक्यात काही कारण लागतं. दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. लिव्हरच्या तपासण्या लिहिल्या. उपाशीपोटी शुगर, तीन दिवस. पोटाची सोनोग्राफी, स्वादुपिंडात काही गाठबिठ आहे का म्हणून. अण्णांचा ताप उतरला होता, ते एरवी घरी गेले असते. ते आणखी चार दिवस राहिले. रक्त काढायला रोज सकाळी मीच जायचे. चौथ्या दिवशी त्यांचा मुलगा बिलाच्या खिडकीपाशी उभा राहून पैसे मोजत होता. मोजून झाले, परत मोजले. मी जिन्यावरून पाहिलं.

जाताना त्यांच्या बायकोने माझ्या हातात फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी आणि शेंगांच्या चटणीची पुडी ठेवली. मुलाने मराठीत सांगितलं, "आई म्हणती, त्या रात्री तुम्ही होता म्हणून वाचले." भाकरी मी घरी नेल्या. कडक भाकरी महिनाभर टिकतात. आमच्याकडे त्या टिकल्या.

चूक लपवली की ती तिथल्या तिथे थांबते, असा लपवणाऱ्याचा समज असतो. मी दिलेलं इन्सुलिन रात्री उशिरापर्यंत उतरलं असेल. माझं गप्प बसणं चार दिवस त्या माणसाच्या शरीरात सुया खुपसत राहिलं, आणि ते माझ्याच हातांनी.

मग सांगत का नाही, असं लोक विचारतात. सांगणाऱ्याचं काय होतं ते आम्ही पाहिलेलं असतं, म्हणून. अमेरिकेत टेनेसीमधल्या एका नर्सची गोष्ट २०२२ साली आमच्या ग्रुपवर आठवडाभर फिरत होती. २०१७च्या डिसेंबरमध्ये तिने स्कॅनला निघालेल्या एका वृद्ध बाईला शांत करायचं औषध, व्हर्सेड, काढायला औषधाच्या कपाटाच्या मशीनमध्ये पहिली दोन अक्षरं टाकली, आणि मशीनने दिलं व्हेक्युरोनियम, जे स्नायू लुळे पाडतं आणि श्वास थांबवतं. बाटलीच्या झाकणावर इशारा छापलेला होता, तो तिने वाचला नाही. बाई गेली. चूक तिने स्वतः कबूल केली होती. २०२२च्या मार्चमध्ये कोर्टाने तिला दोषी ठरवलं, मे महिन्यात तीन वर्षांचं प्रोबेशन झालं, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेख. आमच्या ग्रुपवर एकीने लिहिलं, "सांगितलं म्हणून अडकली." खाली अठरा अंगठे. मी अंगठा दिला नाही, पण खोडूनही काढता आलं नाही.

आपल्याकडे १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली. हलगर्जीने मृत्यू झाला तर कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत शिक्षा. नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना तसं झालं तर दोन वर्षांपर्यंत. ही दोन वर्षांची सवलत ज्या व्याख्येवर उभी आहे तीत नर्स बसत नाही. हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. सुवर्णासारख्या मुलीला "अगं, सांगून टाक, काही होत नाही" असं मी म्हणू शकत नाही, एवढंच.

आणि कागदावर सगळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणायचं ठरवलं. औषधांतल्या चुकांचा जगाला वर्षाला ४२ अब्ज डॉलर खर्च येतो, असा त्यांचा अंदाज. १७ सप्टेंबर हा रुग्ण सुरक्षा दिन, २०२२ साली त्याचा विषयच औषध सुरक्षितता होता. आमच्याकडे त्या दिवशी रांगोळी स्पर्धा झाली. पहिलं बक्षीस कॅप्सूलमधून उगवणाऱ्या सूर्याला.

फॉर्मही आहेत, आणि त्यातही गोंधळ आहे. औषध बरोबर दिलं आणि तरी अंगावर पुरळ आलं, तर त्याचा फॉर्म वेगळा, तो गाझियाबादच्या राष्ट्रीय केंद्राकडे जातो. २०१०पासून ही व्यवस्था आहे, फॉर्म नर्सही भरू शकते, १८००-१८०-३०२४ वर फोनही करता येतो. चुकीचं औषध दिलं किंवा देता देता वाचलं, त्याचा फॉर्म हॉस्पिटलचा स्वतःचा. आमच्या मुलींना पहिला माहीत असतो, कारण त्यात दोष औषधाचा. दुसऱ्याच्या पॅडची पहिली चार पानं तेवढी फाटलेली असतात.

त्या पहाटे मी तो पॅड काढला. आधी सहाची औषधं दोघींनी मिळून दिली, मग बसलो. सुवर्णाने तारीख, वेळ, खाट लिहिलं. 'घटनेचे कारण' या रकान्यात तिने लिहिलं: माझे लक्ष नव्हते. आणि पेन ठेवला.

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"खरंच नव्हतं, सिस्टर."

"लक्ष नव्हतं तर नाव वाचलं कुणी? पाण्याच्या खोक्यात ती आली कशी, ते लिही."

मग आम्ही दोघी उठलो आणि खोकं पालथं केलं. त्या तीन तिथेच निघाल्या. मग उलगडत गेलं. आदल्या दिवशी स्टॉक आला, वॉर्डबॉय मामाने कप्पा भरला, कप्प्यावरचं लेबल महिन्यापूर्वी निघालेलं. केसीएल मुळात वॉर्डात खुलं ठेवायचंच नाही, कुलपात, लाल पट्टी लावून, असा नियम. पण रात्री फार्मसी बंद, म्हणून कुणीतरी सोयीसाठी दहा अँप्युल वरच ठेवायला लागलं, ते मीही दोन वर्षं बघत होते. तिच्याकडे त्या रात्री सव्वीस पेशंट. पावडर विरघळवताना एका नातेवाइकाने सलाईन संपल्याचं दोनदा येऊन सांगितलेलं. एवढं सगळं एका ओळीच्या रकान्यात मावेना, पाठीमागे लिहिलं. पाठीमागे लिहिताना तिचा हात जरा सैल झाला.

शिकवायच्या वेळी मी तिला दुसरं एक उदाहरण दिलं, तेही इथे टाकते, कारण घरोघरी इन्सुलिन आहे. बाजारात ४० च्या ताकदीची (एका मिलीत ४० युनिट) बाटली मिळते आणि १०० चीही. सिरिंजही वेगवेगळ्या, ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी. १०० चं औषध ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर माणसाला २० नाही, ५० युनिट जातात. सिरिंज ओढणाऱ्याचे डोळे शाबूत, हिशेब बरोबर, हात स्थिर. तरी.

फॉर्म वर गेला. ऑफिसातून पहिला फोन आला तो, "मुलगी कोण?" याच प्रश्नाचा. मी म्हटलं, कप्पा कुणाचा ते आधी विचारा, तो माझा. थोडी बोलाचाली झाली, ती इथे नको. केसीएल आठवड्यात कुलपात गेलं. सुवर्णाला मेमो मिळाला नाही, पण महिनाभर तिच्याकडे बघायची काहींची नजर बदलली होती, हेही खरं.

त्या सकाळी ड्यूटी संपवून आम्ही खाली टपरीवर चहा घेतला. सात वाजता ऊन चढलेलं. ती म्हणाली, "सिस्टर, तुमच्याकडून कधी झालंय?"

मी तिला दोन सिद्रामांची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी. दारूकाम, टॉवेल, ४८, सोनोग्राफी, भाकरी. तिने मधे एकदाही 'अरेरे' केलं नाही. चहाचा कप दोन्ही हातांत धरून तिने फक्त विचारलं, "मग खऱ्या सिद्रामअण्णांचं इन्सुलिन?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. विचारायला कुणाला माहीतच नव्हतं.

वर मी लिहिलंय की साडेनऊला घाम पाहून मला कळलं. आरएमओंनी विचारलं असतं तर त्यांनाही मी तेच सांगितलं असतं. पण ते तसं नाही. पावणेनऊला जेवणाची ताटं आली तेव्हा सात नंबरचे अण्णा, खरे, ताटापुढे बसून म्हणाले, "सिस्टर, माझी सुई राहिली." कळलं ते तेव्हा. मी त्यांना सोळा युनिट दिली. चार्टवर आठ वाजताची सही आधीच झालेली होती, ती तशीच राहू दिली. मग पँट्रीत जाऊन पेलाभर दुधात चार चमचे साखर घातली आणि बारा नंबरला नेऊन दिली, "ताप आहे, दूध घ्या" म्हणून. त्यांनी अर्धं प्यायलं आणि पेला सरकवला. मी आग्रह केला नाही. आग्रह केला असता तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं.

"म्हणजे पाऊण तास," सुवर्णा म्हणाली.

"पाऊण तास," मी म्हटलं.

टपरीवाल्याने कप उचलले. तिची मंगळवेढ्याची एसटी आठची होती.